तंजावरची लक्ष्मी, बडोद्याची चिमणाबाई

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या प्रश्नमंजूषेचे काम आमच्याकडे होते. रावपुऱ्याचा टॉवर कोणाच्या स्मरणार्थ बांधला, असा एक प्रश्न आम्ही घातला होता. उत्तरही लिहून ठेवले होते : महाराणी चिमणाबाई, सयाजीराव महाराजांच्या पत्नी, अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा. एका संघाने नेमके तेच उत्तर दिले, आम्ही पूर्ण गुण दिले आणि टाळ्या झाल्या.

आरती संपल्यावर एक वयस्कर काकू प्रसादाची वाटी हातात घेऊन आमच्याजवळ आल्या. टॉवर १८९६ सालचा ना, असे त्यांनी विचारले. आम्ही मोठ्या उत्साहाने हो म्हटले. मग ज्या बाई १९५८ पर्यंत हयात होत्या त्यांच्या स्मरणार्थ तो १८९६ मध्ये कसा बांधला असेल, एवढेच विचारून काकू चपला शोधायला निघून गेल्या.

आम्ही सरकारी नोकर, डिप्लोमा करून बांधकामाच्या कामाला लागलेले. इमारत दिसली की तिचे साल, दगड, कमान यांकडे आमचे लक्ष आधी जाते. टॉवरचे साल आम्हांला पाठ होते. टॉवर जिच्या नावाचा, ती बाई मात्र आम्ही दुसरीच धरून बसलो होतो. त्या रात्री नीट झोप लागली नाही. वर्षभर सवडीने वाचले, जाऊन पाहिले, आणि त्या चुकीची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहोत.

बडोद्याच्या इतिहासात महाराणी चिमणाबाई दोन झाल्या. दोघीही सयाजीराव महाराजांच्याच पत्नी. दुसऱ्या चिमणाबाई देवासच्या घाटगे घराण्यातल्या, माहेरच्या गजराबाई. त्यांना दीर्घ आयुष्य लाभले, त्यांनी जग पाहिले, १९११ साली भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि १९२७ साली पुण्याला भरलेल्या महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. त्यांचे कर्तृत्व एवढे मोठे, की चिमणाबाई म्हटले की त्याच आठवतात. पहिल्या चिमणाबाई मात्र वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या. टॉवर त्यांच्या स्मरणार्थ आहे, आणि ही हकीकत त्यांचीच आहे.

त्यांचे माहेरचे नाव लक्ष्मीबाई. जन्म १८६४ चा. त्या तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या. या घराण्याचे तंजावरच्या राजघराण्याशी नातेसंबंध होते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापले आणि कावेरीच्या काठी मराठी माणूस स्थिरावला. तिथे मोडीत दफ्तर चाले, मराठीत नाटके लिहिली जात. दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. आज तमिळनाडूत जाणारा आपला माणूस तो लेख पाहून थबकतो.

पण लक्ष्मीबाई जन्मल्या तेव्हा तंजावरचे राज्य उरले नव्हते. शेवटचे राजे शिवाजी १८५५ साली पुरुष वारस न ठेवता वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. राजवाडा राहिला, ग्रंथालय राहिले, गायक, वादक, नर्तकी राहिल्या, मात्र त्या सगळ्याला पोसणारी गादी गेली. अशा ओसरलेल्या वैभवात ही मुलगी वाढली. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. बडोद्यात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे दाराबाहेर गुजराती, एवढाच फरक.

इकडे बडोद्यात त्या सुमारास मोठी उलथापालथ झाली होती. खंडेराव महाराज १८७० साली वारले. त्यांच्यामागून त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर आला, चौकशी झाली आणि १८७५ साली त्यांना पदच्युत करून मद्रासला पाठवण्यात आले. खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक भागातल्या कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा २७ मे १८७५ रोजी दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. अक्षरओळखही धड नसलेल्या या मुलाला इलियट साहेबांच्या हाताखाली शिक्षण सुरू झाले. राज्यकारभार दिवाण म्हणून सर टी. माधवराव पाहू लागले.

या माधवरावांमुळेच पुढच्या सगळ्या गाठी बांधल्या गेल्या. ते कुंभकोणमचे, म्हणजे तंजावर मुलखातलेच, आणि घरी मराठी बोलणारे देशस्थ ब्राह्मण. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूरच्या होळकरांचे, आणि १८७५ पासून बडोद्याचे. दक्षिणेतल्या मराठ्यांची घराणी त्यांना ठाऊक होती. महाराजांसाठी मुलगी पाहण्याची वेळ आली तेव्हा ती शोधाशोध तंजावरपर्यंत पोहोचली.

६ जानेवारी १८८० रोजी लग्न झाले. नवरदेव सतरा वर्षांचेही पुरते झाले नव्हते, अजून शिकत होते. राज्याची पूर्ण सूत्रे हाती यायला त्यांना दोन वर्षे अवकाश होता. नवरी पंधरा-सोळा वर्षांची. आपल्या चालीप्रमाणे नवरीचे नाव बदलले आणि लक्ष्मीबाईंच्या चिमणाबाई झाल्या. आजही आपल्या घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहितात, सगळे हसतात, उखाण्याचा आग्रह होतो. तेवढ्या हशात एक नाव पुसले जाते. आमच्या आजीचे माहेरचे नाव आम्हांला ती गेल्यावर मृत्यूच्या दाखल्यासाठी कागद जमवताना कळले. तोवर आम्ही कधी विचारलेही नव्हते.

या नवरीबरोबर तंजावरहून बडोद्यात फार मोठी गोष्ट आली. राजघराण्यातल्या लग्नात आंदण म्हणून कलावंतही देत. त्या रिवाजाने तंजावरच्या नर्तकी, त्यांना नृत्य शिकवणारे नट्टुवनार आणि साथीदार बडोदे दरबारात आले. ज्याला आज आपण भरतनाट्यम म्हणतो ते नृत्य अशा रीतीने गुजरातच्या भूमीत आले. दरबारात कलावंतांचे स्वतंत्र खातेच होते, कलावंत कारखाना म्हणून. त्यात या मंडळींना पगार मिळे. याच परंपरेतल्या गौरा आणि कांतिमती या नर्तकींची नावे बडोद्याच्या नृत्याच्या इतिहासात आदराने घेतली जातात. पुढे कुबेरनाथ तंजोरकर यांनी बडोद्यात कित्येकांना हे नृत्य शिकवले. आपल्या मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात दरवर्षी दोन-चार मुली गणेशवंदना सादर करतात, तेव्हा त्या पायांतल्या घुंगरांचा माग काढत गेलो तर आपण १८८० च्या त्या वऱ्हाडापर्यंत जाऊन पोहोचतो.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीराव महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्या सोहळ्याच्या निमित्ताने माधवरावांनी त्रावणकोरच्या एका चित्रकाराला बडोद्याला बोलावले. त्याचे वय तेव्हा तेहतीस, नाव रविवर्मा. तैलरंगात माणूस हुबेहूब उतरवण्याबद्दल त्यांचे नाव होऊ लागले होते. माधवराव त्यांना त्रावणकोरपासून ओळखत होते. धाकटे बंधू राजराजवर्मा यांना सोबत घेऊन रविवर्मा आले आणि त्यांनी राजघराण्यातल्या व्यक्तींची चित्रे काढली. त्यांत तरुण महाराणी चिमणाबाईंचेही चित्र होते.

त्या काळी बडोद्याच्या राणीवशात पडदा होता. महाराणीसाहेबांचे तोंड दरबारातल्या मानकऱ्यांनाही दिसत नसे. ज्या बाईला शहराने पाहिले नाही तिला आज आपण ओळखू शकतो ते रविवर्म्यांच्या कुंचल्यामुळे. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे, तिथे रविवर्म्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह जतन केलेला आहे. आम्ही लहानपणी शाळेच्या सहलीत तिथे गेलो होतो आणि तलवारी कुठे आहेत असे विचारत चित्रांच्या पुढून धावत गेलो होतो. यंदा पुन्हा गेलो आणि सावकाश पाहिले. दागिने, वस्त्रे, मान, सगळे महाराणीचे. पण वय पाहिले तर आपल्या घरातली कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी.

लग्नानंतरच्या पाच वर्षांत चिमणाबाईंना तीन मुले झाली. बाजूबाई आणि पुतळाबाई या दोन मुली, आणि ३ ऑगस्ट १८८३ रोजी युवराज फत्तेसिंहराव. दोन्ही मुली अगदी बालवयातच गेल्या. एवढे राज्य, एवढे वैद्य-डॉक्टर, तरी घरातला पाळणा दोनदा रिकामा झाला. त्या काळी हे दुःख राजवाड्यात आणि गरिबाच्या झोपडीत सारखेच होते.

त्यातच चिमणाबाईंना क्षयाने गाठले. जुने लोक या रोगाला राजयक्ष्मा म्हणत. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे १८८२ सालच्या मार्चमध्ये जाहीर केले होते. म्हणजे रोगाचे कारण तोवर कळले होते. पण त्यावर लागू पडणारे औषध यायला १९४० नंतरचा काळ उजाडावा लागला. हवापालट, सकस आहार, विश्रांती यांपलीकडे राजाच्याही हाती काही नव्हते. ७ मे १८८५ रोजी महाराणी चिमणाबाई निवर्तल्या. मागे बावीस वर्षांचे पती आणि दोन वर्षेही पुरी न झालेला मुलगा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराजांचे दुसरे लग्न झाले, आणि नव्या महाराणींचे नावही चिमणाबाईच ठेवण्यात आले. आमची चूक अशी शंभरावर वर्षांपूर्वीच तयार होऊन बसली होती.

नव्या राणीला तेच नाव का दिले, यावर आम्ही बराच विचार केला. तो रिवाज असेल, किंवा माया असेल. पण त्याचा परिणाम असा झाला, की ज्या नावासाठी लक्ष्मीबाईंनी आपले नाव सोडले, ते नावही त्यांच्या एकटीचे राहिले नाही.

त्यांचे पहिले नाव मात्र एका ठिकाणी टिकले, आणि ते आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. लक्ष्मीविलास राजवाडा लक्ष्मीबाईंच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या लग्नाच्या सुमारास त्याचे काम चालू झाले. नकाशे मेजर चार्ल्स मांट यांचे; १८८१ साली त्यांचे निधन झाले आणि रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेले. राजवाडा पूर्ण झाला तो १८९० साली. म्हणजे ज्या बाईचे नाव त्या वास्तूला आहे, ती वास्तुशांतीच्या पाच वर्षे आधीच गेली. तिने पाहिल्या असतील त्या अर्धवट भिंती आणि पराती. बांधकामात जन्म घालवलेल्या आमच्यासारख्याला ही गोष्ट फार लागली. घर बांधायला घेतलेला माणूस घर पुरे होण्याआधी गेल्याचे आम्ही नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे. पण त्या राजवाड्यापुढून हजार वेळा स्कूटरवरून जाताना हे कधी मनात आले नव्हते.

राणी गेली तरी तिचे चित्र काढणाऱ्याचा बडोद्याशी संबंध सुटला नाही. महाराजांनी रविवर्म्यांना पुराणकथांवरची चौदा चित्रे करायला सांगितली. १८९० साली ती बडोद्यात आली आणि लोकांना दाखवली गेली तेव्हा पाहणाऱ्यांची दाटी झाली. आपली चित्रे राजवाड्यांत अडकून न राहता सामान्य माणसाच्या घरी जावीत, यासाठी ती छापावीत, अशी सूचना माधवरावांनी त्यांना पूर्वीच केलेली होती. अखेर १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावला शिळाछापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

शिळाछापाची रीत ऐकण्यासारखी आहे. चुनखडीचा एक सपाट, घोटलेला दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे. मग दगड ओला करायचा. जिथे तेलकट रेघ आहे तिथे पाणी ठरत नाही, आणि जिथे पाणी आहे तिथे तेलकट शाई धरत नाही. शाईचा रूळ फिरवून वर कागद दाबला, की चित्र उतरते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो आणि सगळे दगड एकमेकांशी रेसभरही न चुकता जुळावे लागतात. हे काम सांभाळायला जर्मनीहून कारागीर आणले होते. पुढे छापखाना त्यांच्यातल्याच फ्रिट्झ श्लायखर यांच्या मालकीचा झाला. रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी वारले, पण त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर भिंतीवर राहिली. आमच्या घरीही कमळावर उभी असलेली लक्ष्मी होती, कडा पिवळी पडलेली, काचेच्या आत कसर लागलेली. दिवाळीत आई तिची पूजा करी.

त्या दगडांवरून लक्ष्मी लाखो घरांत पोहोचली. तंजावरची लक्ष्मी मात्र संग्रहालयाच्या भिंतीवरच राहिली. देवीचे चित्र आम्हांला डोळे मिटूनही दिसते आणि जिचे नाव घेऊन आपण राजवाड्याचा पत्ता सांगतो तिचा चेहरा ओळखता येत नाही, याची आम्हांला थोडी लाज वाटली.

तसे पाहिले तर त्यांचा वंशही त्यांच्यापासूनच चालला. युवराज फत्तेसिंहराव १९०८ सालच्या सप्टेंबरात तरुणपणीच वारले, तेव्हा त्यांचे पुत्र प्रतापसिंहराव तीन महिन्यांचेही नव्हते. १९३९ साली सयाजीराव महाराज गेल्यावर हेच प्रतापसिंहराव गादीवर आले. म्हणजे आईविना वाढलेल्या मुलाचा, बापाविना वाढलेला मुलगा. त्यांच्याच काळात, १९४९ साली, महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय सुरू झाले. त्या विद्यापीठात नृत्य हा शिक्षणाचा विषय झाला आणि तंजावरच्या परंपरेला वर्गखोली मिळाली. आजीच्या आंदणात आलेली विद्या नातवाच्या विद्यापीठात शिकवली गेली.

आणि तो टॉवर. १८९६ साली, महाराणी गेल्यानंतर अकरा वर्षांनी, रावपुऱ्यात तो त्यांच्या स्मरणार्थ उभा राहिला. त्याच साली सुरसागरच्या काठाजवळ न्यायमंदिराची भव्य इमारत झाली, तिच्याशीही चिमणाबाईंचे नाव जोडलेले आहे. शहराने त्यांना विसरावे अशी महाराजांची इच्छा नव्हती, एवढे यावरून स्पष्ट दिसते. विसरलो ते आपण. टॉवर म्हणजे रिक्षावाल्याला सांगायची खूण, एवढेच आपल्याकडे उरले.

या लेखासाठी टिपणे काढत असताना घरात एकदा वाद झाला. एकवीस वर्षे जगलेल्या, पुस्तक न लिहिलेल्या, सभा न गाजवलेल्या बाईचे चरित्र ते काय लिहायचे, असा आमच्या मुलाचा सवाल होता. प्रश्न योग्य होता. आम्ही त्याला उत्तर दिले ते असे, की आपण स्वतः बडोद्यात कसे आलो ते पाहा. आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी आले, हे आपण अभिमानाने सांगतो. पणजी कोकणातून आली, तिने गुजराती बाजारात मराठी तोंडाने भाजी घेतली, तिच्या हातच्या पदार्थांत इथल्या चवी मिसळल्या आणि तेच आज आपले घरचे जेवण झाले. तिचे काय केले आपण? तिचे नावसुद्धा वंशावळीत सापडत नाही, नुसती रेघ आहे. दूर देशी दिलेल्या मुली सामानाबरोबर बोली, गाणी, व्रते, चवी घेऊन येतात, आणि गावे त्यांनी बदलतात. चिमणाबाईंचे आयुष्य थोडे होते, पण निदान त्यांच्यामागे चित्र आहे, टॉवर आहे, राजवाडा आहे. त्यांच्यापासून सुरुवात केली तर बाकीच्यांचीही आठवण निघेल.

तेव्हा यंदाच्या प्रश्नमंजूषेत तोच प्रश्न आम्ही पुन्हा घातला आहे. स्मरणिका प्रश्नमंजूषेच्या आधी तुमच्या हाती पडेल, म्हणजे पेपर फुटल्यासारखेच आहे, पण त्याला आमची हरकत नाही. फक्त एक नियम नवा केला आहे : नुसते चिमणाबाई म्हटले तर अर्धेच गुण मिळतील. उरलेले अर्धे लक्ष्मीबाई हे नाव सांगणाऱ्यालाच. शिवाय प्रत्येक स्पर्धकाने आपल्या पणजीचे माहेरचे नाव घरी विचारून यावे, ही विनंती. त्याला गुण नाहीत.

गेल्या वर्षीच्या त्या काकूंना पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे. उत्तरपत्रिका यंदा आधी त्यांना दाखवणार आहोत.

गणपती बाप्पा मोरया!